उघाडी

सुनावणीच्या अकराव्या दिवशी, बेलापूरला,
पदीबाई मढवी आल्या.
भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलंही नाही.
"उघारी आता कोन उघरतं?"

आमच्या नकाशात तिला फ्लॅप गेट म्हणतात.
मी फाइल चाळली.
धारण तलाव सिडकोनं खोदला, पालिकेला दिला;
गाळात तिवरं उगवली, तसा वनखात्याचा झाला.
झडप पालिकेची,
झडपेपलीकडचं पाणी सागरी मंडळाचं,
नाल्यावरचा पूल रेल्वेचा,
आणि सगळ्या प्रदेशाचा मिळून आराखडा
खाडीपल्याड, कुठल्याशा सातव्या मजल्यावर.

सोयरिकीत गोतावळा ऐकावा
तशा त्या ऐकत होत्या, मान हलवत.
मग म्हणाल्या,
"आमचे बांधाला पाली होती.
आवसेला माजा बापूस, पुनवेला लक्षा भोईर.
बांधावर कोन निजलाय
त्या भरतीला ठावं असायचा."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
मी शेऱ्याच्या रकान्यात उमटवलं:
विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.
हे वाक्य लिहावं लागत नाही,
शिक्काच आहे त्याचा.
हरकत क्रमांक दोन हजार एकशे चौदा, निकाली.
त्यांनी पोच मागितली,
चार घड्या घालून बटव्यात ठेवली,
माशाचे पैसे ठेवतात तशी.

रात्री सेक्टर अठ्ठेचाळीसमध्ये
आमच्या सोसायटीच्या तळघरात पाणी.
आधी चार बोटं, मग घोटाभर, मग स्कूटरचं चाक.
पाऊस नव्हता.
पौर्णिमा होती.

वॉचमन जिन्यात उभा, टॉर्च पाण्यावर धरून:
"मॅडम, कोणाला फोन लावायचा?"

माझ्याकडे
सगळ्यांचे नंबर आहेत.