साडेबारा टन

सिलिंडर मिळाला मच्छेच्या भंगारात,
जेसीबीच्या हाताचा. शंभर मिलिमीटर बोअर,
रॉडवर एक ओरखडा, नखाला लागेल न लागेल एवढा.
दस्तगीर वजनावर देत होता.
मी म्हटलं, काट्यावर नको ठेवू,
हा अजून जिवंत आहे.

तीस वर्षं उद्यमबागेत असलेच रॉड घासले.
कुठल्या यंत्रात बसले, काय उचलतात, पाहिलं नाही कधी.
माझ्या दारात राहणारा हा पहिला.

भरमूदादाचा खांदा निखळला त्याला कारण चिंच.
खानापूरचा रस्ता रुंद झाला तेव्हा पाडलेली,
बुंधे कौलांच्या भट्टीमागे तीन पावसाळे पडून.
पोटात पीळ, पिळात गाठ, गाठीच्या आत आणखी एक.
कुऱ्हाड आत जायची आणि तिथंच बसायची
जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखी.
पाचर ठोकली तर पाचरच नाहीशी.
मऊ लाकडाचं काय,
ते आधीच जळून गेलेलं असतं.

लोंढ्याहून सहा फुटी बीम आला.
शेतातल्या पंपाचं बंद पडलेलं इंजिन, गिअर पंप,
एक लिव्हर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेलं चित्र.
वेल्डिंगला इराप्पा, बैलहोंगलचा.
काचेआडून कानडीत बोलतो, मी मराठीत उत्तर देतो,
ठिणग्या दोघांच्याही पायांवर.
तो म्हणतो गंटु, मी म्हणतो गाठ.
म्हणून पाहा, जीभ टाळूला
एकाच जागी अडते.

ट्रकच्या पाट्याची पाचर केली, मुद्दाम बोथट.
धार कापते. फाडायचं असेल तर रुंदी लागते.
दादाला हे पटेना.
त्यानं जन्मभर धारच लावली.

तिसऱ्या हँडलला इंजिन धरलं.
दादा ढिगावर बसलेला, हात टॉवेलच्या झोळीत.
आधी बाभूळ घेतली;
जोंधळ्याच्या भाकरीसारखी दोन झाली.
मग चिंच.
काटा ऐंशी. एकशेवीस. एकशेसाठ.
व्हॉल्व्ह शिट्टी मारू लागला, इंजिन खाली बसलं,
बीम पोटातून घुमला,
आणि लाकूड जसंच्या तसं.

माझा हात लिव्हरवरून निघत होता.
इराप्पा म्हणाला, इरली, इरली.
राहू दे.
मग राहू दिलं.
किती वेळ, ते सांगता येणार नाही,
शिट्टीत वेळ मोजता येत नाही.
आधी कुठंतरी खोल एक दाढ उपटल्याचा आवाज,
मग वास, आंबट, तपकिरी,
आणि मग बुंधा दोन्हीकडे हळूच कलंडला,
भांडून नव्हे, दमून.

आत, चार बोटं खोल, एक खिळा.
पाटीचा असणार. झाडावर गावाच्या नावाची पाटी असेल,
नंतर लाकडानं खिळा गिळला.
कुठल्या अक्षरांतली पाटी?
दादा म्हणाला, आपल्या.
इराप्पा काहीच म्हणाला नाही,
खिळा चिमटीत फिरवत राहिला.
गंज सगळ्या बाजूंनी सारखा.
शेवटी त्यानं तो वेल्डिंग रॉडच्या डब्यात टाकला.

दादानं डाव्या हातानं फाडलेली बाजू चाचपली,
जिथं त्याची कुऱ्हाड तीन पावसाळे अडली होती.
किती टन म्हणालास?
साडेबारा.
बराच वेळ गप्प.
आणि माझं किती असंल रे?

हिशेब येतो मला. कुऱ्हाडीचं वजन,
डोक्यावरची उंची, वेग, किती बोटं आत गेली.
कागद खिशातच होता.
म्हटलं, कुणी मोजलं नाही, दादा.

संध्याकाळपर्यंत सात बुंधे झाले.
सिलिंडरच्या तोंडाशी तेल पाझरतंय,
थेंब, थोडं थांबून पुन्हा थेंब,
खाली भुश्शात काळा डाग.
ओरखडा नखाला लागतोच.
उद्या सील बघायला हवं,
आणि अडुसष्ट नंबरचं तेल, पाच लिटर.