सांधा

सत्तावीस वर्षं हिल्के कालव्याची दारं सांभाळतो आहे.
गाव आमचं फ्रीसलँडातलं, समुद्राहून हातभर खाली.
होड्या येतात, खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात जातात,
आणि हा गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट
नाण्यांसाठी पुढे करतो.

त्रेपन्नाव्या वर्षी याला क्लॅरिनेटची हौस.
बाउकेच्या दातांनी दगा दिला,
बँडात एक खुर्ची रिकामी झाली. एवढंच निमित्त.

तेव्हापासून घरात एक ला आहे, एक सी आहे
आणि दोघांच्या मध्ये खड्डा.
ला एका बोटाचा.
वरच्या सीला जवळजवळ सगळी बोटं.
त्या पाव क्षणात हिल्के ओठ आवळतो,
खांदे कानांशी नेतो,
आणि चीं!
कालव्यातल्या बदकांनीही आता मान वळवणं सोडलंय.

फ्राउक्येबाई बुधवारी सायकलवरून येतात, ऐंशीच्या पुढच्या.
त्याच्या हातांच्या पाठीवर काडेपेट्या ठेवतात.
"पडता कामा नयेत. बोटं एवढी उंच कशाला?
कुणाला हात करतोयस?"
रीड उजेडात धरतात,
मोहरीएवढं काहीतरी खरवडतात.
"आणि लांब सूर. कॉफी गाळणीतून उतरेपर्यंत एकच."
मी कॉफी भरड दळायला लागले.
तेवढीच लवकर उतरते.

नोव्हेंबरात एकदा डबा घेऊन दारापाशी गेले.
रेतीची बोट आत अडकलेली, नावाडी ओरडतोय,
हिल्के नुसता पाण्याकडे बघत उभा.
आतलं पाणी चढत होतं. चार बोटं कमी. दोन. अर्धं.
मग त्याने कळ दाबली,
आणि दार असं उघडलं
की टपावरच्या कपातला चहासुद्धा हलला नाही.
"फरक असताना उघडलं, तर दार भांडतं,"
तो मला म्हणाला,
आणि डबा तसाच हातात धरून गप्प झाला.

त्या रात्री मी जिन्यातून पाहिलं:
ला वाजत होता,
आणि उजव्या हाताची बोटं आधीच
भोकांवर जाऊन बसलेली, कुणाला न सांगता.
श्वास चालूच.

वर जाऊन मी मोज्यांच्या जोड्या लावत बसले.
सी कधी आला, कळलं नाही.
चींची वाट बघत
एकच मोजा हातात धरून
मी किती वेळ होते कोण जाणे.

सकाळी पुन्हा तीनदा चीं.
चौथ्यांदा नाही.

आता कॉफी बारीक दळते.