पोटभाडेकरू

कुताइसीत नदीकाठी, चौथ्या मजल्यावर
मला खोली मिळाली ओतियाकाकांच्या घरात.
भाडं कमी, कारण जिन्यात दिवा नाही
आणि कारण
(हे समोरच्या लामाराबाईंनी मागाहून सांगितलं, दार अर्धंच उघडून)
"त्याला ते आहे."

ते म्हणजे दोन.
एकाच सुईतून, एकाच हिवाळ्यात आलेले.
नव्वदीतल्या त्या हिवाळ्यात गावभर वीज नव्हती.
चार मित्र, एक मेणबत्ती, एक सिरिंज.
"निदान उकळून घ्यायची," मी म्हणाले.
मेडिकलचं दुसरं वर्ष, तोंडाला लगाम नव्हता.
"पोरी, उकळायला गॅस कुठे होता?"

पहिल्याचं नाव त्यांना तुरुंगाच्या दवाखान्यात कळलं.
त्याच्यासाठी रोज एक गोळी,
मांजरीला दूध घातल्यावर, चहाच्या आधी.
आता तो रिपोर्टात दिसतही नाही, पण आहे.
दुसरा मात्र कधी बोललाच नाही.
ना ताप, ना कळ. पंचवीस वर्षं
काळजात बसून एकेक वीट रचत राहिला.

काळजात म्हणजे यकृतात.
आमच्या भाषेत, मी त्यांना सांगितलं,
दोन्हीला एकच शब्द चालतो: काळीज.
धडधडतं ते, आणि खाटकाकडे मिळतं तेही.
ते खोकेपर्यंत हसले.
"म्हणजे प्रेमभंग आणि दारू
तुमच्याकडे एकाच मशीनवर तपासतात!"

मशीनवर आकडा आला एकोणीस.
एकटा असता तर एवढी घाई करत नाही तो;
पण पहिल्यानं पहारेकरीच कापून काढलेले,
दुसऱ्याला रान मोकळं.
परीक्षेत यावर मला पाचपैकी पाच मिळाले होते.
घरी येताना मी त्यांची पिशवी धरली, आणि बोलले काहीच नाही.

मग बारा आठवडे.
आधी जुनी गोळी बदलली, नव्या गोळीशी तिचं पटेना म्हणून.
मध्ये बुखुतीच्या बायकोकडे श्राद्धाचं जेवण.
टेबलाच्या टोकाला ओतियाकाका, वर्षानुवर्षं त्यांचीच जागा:
मेलेल्यांसाठी प्याला उचलायचा तो त्यांनीच.
इथे सरबतानं असा प्याला उचलणं अशुभ.
ते उठले. हातात हिरवंगार टारॅगॉनचं सरबत.
कुणीतरी चमचा खाली ठेवला.
"बुखुती. मुर्मान. गिझो.
गिझो यादीत होता, त्याचा नंबर यायचा होता.
वाईन तुम्ही प्या. मला अजून
सदतीस गोळ्या उरल्यात."

तीन महिन्यांनी कागद आला: आढळला नाही.
त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला,
मग विचारलं, आणि भिंत?
भिंत राहील. थोडी खचेल कदाचित.
दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.
आणि तो परत येऊ शकतो, त्याला लस नाही.
"आणि थोरला?"
थोरला राहणार.
"असू दे. त्याची सवय आहे."

लामाराबाई सणासुदीला पक्वान्न पाठवतात,
ताटली परत घेत नाहीत.
फडताळात साठल्या होत्या अशा बावीस,
निळ्या काठाच्या, काही टवके उडालेल्या.
त्या संध्याकाळी काकांनी सगळ्या घासल्या,
गरम पाण्यानं, दोन वेळा,
आणि अकरा मोजून हातावर रचल्या.

"दोघांतला एक गेला," मला म्हणाले,
"निम्म्या तरी घेईल."

अंधाऱ्या जिन्यात बेल वाजली.
मी पुस्तक उघडं ठेवून ऐकत राहिले:
साखळी सरकल्याचा आवाज,
मग बराच वेळ
काचेवर काच हलकेच थरथरत होती.