तीन सेकंद दाबून धरा

सकाळचे सात. उणे एकोणीस.
कुह्मोहून लेंतीराच्या दिशेनं पालिकेची पांढरी गाडी,
मागच्या सीटवर औषधांचे डबे, बीपीचं यंत्र
आणि लोकरीच्या मोज्यांची एक पिशवी,
कुणाची, ते कालपासून आठवत नाही.
टायरांचे खिळे रस्ता चघळत चाललेत
फुटाणे चघळावेत तसे.

पहिल्याच चढाला मी पाय दाबते
आणि इंजिन आवाज गिळून बसतं.
डावं चाक जागच्या जागी नुसतंच फिरत होतं,
ते माझ्याआधी कुणाला तरी कळलं
आणि त्यानं माझ्या पायाखालची ताकद
चमचाभर काढून घेतली.
समोर पिवळा दिवा:
चिमुकली गाडी, तिच्यामागे दोन नागमोडी रेघा.
लुकलुकला. विझला.
चढलो आम्ही. रडतखडत, पण चढलो.

माझे वडील, तौनो, ह्या दिव्याला नर्सबाई म्हणायचे.
मी नर्स होण्याच्या आधीपासून.
मला त्यांनी गोठलेल्या तळ्यावर शिकवलं,
जिच्यात असलं काहीही नव्हतं अशा गाडीत.
"घसरलीस की जायचंय तिकडे बघ.
झाडाकडे बघशील तर झाडच मिळेल."
मी भोवऱ्यासारखी फिरत राहायचे,
ते काठावर उभे, सिगारेट हातमोज्यात लपवून.
तळ्यावर झाड एकही नव्हतं.

आणि आज, दुसऱ्या पुलानंतरच्या वळणावर, मूस.
मादी. रस्त्याच्या मधोमध,
जणू रस्ता तिच्या पायांखालून नंतर नेलाय.
ब्रेक तळपायाशी फडफडला,
मी डावीकडे वळवली,
गाडीची पाठ उजवीकडे निघून चालली होती
तेवढ्यात पुढच्या उजव्या चाकाला,
फक्त त्याच एकाला,
कुणीतरी मनगट धरावं तसं धरलं.
गाडी सरळ झाली.
मी काय केलं? मोकळ्या जागेकडे बघत राहिले.
मूसनं माझ्याकडे पाहिलं, मग निघून गेली.
दिवा किती वेळा लुकलुकला, मोजलं नाही.

नव्वदवर असते तर त्यालाही जमलं नसतं.
नवी पकड तो कुठून आणणार?
आहे तेवढीच चार चाकांत पुरवतो,
महिनाअखेरीला पैसे पुरवावेत तशी.
पुढचा सगळा रस्ता मी पन्नासच्या खाली.

ओर्वोक्की. वय एक्याण्णव, खुबा नवा.
पलंगापासून कॉफीच्या किटलीपर्यंत अकरा पावलं.
तिच्या डाव्या कोपराखाली माझी दोन बोटं,
उचलायचं नाही, ढकलायचं नाही,
कलली की तेवढ्यापुरतं अडवायचं.
सहाव्या पावलाला ती म्हणाली, "सोड."
मी म्हटलं, पडाल.
"पडले तर मी पडेन. तू नाही."
मी मनात तीनपर्यंत मोजलं
आणि बोटं काढली.
उरलेल्या पाच पावलांत
माझाच तोल जात होता.

बाहेर येते तर रात्रीचं भुसभुशीत बर्फ
पुढच्या चाकांच्या पोटाशी आलेलं.
पाय दाबला की दिवा लुकलुकतो, इंजिन मिटतं,
पुन्हा दाबला, पुन्हा मिटतं.
घसरायचं नाही, घसरायचं नाही, एकच धोशा,
आणि इथं घसरल्याशिवाय सुटका नाही.
बटण. तीन सेकंद.
मग पुढे, मागे, पुढे, मागे,
चाकं बेभान, बर्फ थेट शेडच्या पत्र्यावर,
वडील असते तर हसले असते.
निघाली.

आरशात ओर्वोक्कीची खिडकी.
ती उभी, कप दोन्ही हातांत.
म्हणजे कशालाच धरलेलं नाही.

मोठ्या रस्त्यावर काटा पन्नास ओलांडतो
आणि तो आपोआप परत येतो, न विचारता,
काही झालंच नाही अशा थाटात.
मीही काही बोलत नाही.
पुढचं घर चौदा किलोमीटर.
मोजे बहुधा त्यांचेच.