दिव्याच्या बटणापाशी

टेल्चच्या अग्निशमन दलाचा हॉल.
फेब्रुवारी. खुंट्यांवर ओले कोट,
आणि मी, ओल्दर्झिख, जुना सुतार, आता रखवालदार,
दिव्याच्या बटणापाशी उभा.
माझं काम एवढंच: संपलं, की उजेड.

चौघं बसतात अर्धगोलात,
बटाटे सोलायला बसल्यासारखी.
पहिलं व्हायोलिन बोलतं, दुसरं हो म्हणतं,
व्हिओलावाली ब्लाझेना, दिवसा दाताच्या दवाखान्यात असते,
दोघांमधली फट बुजवते,
आणि चेलो खालून भार घेतं
न कुरकुरणाऱ्या तुळईसारखं.
चार मात्रा इकडे, चार तिकडे.
ओळंबा लावून बघा,
तसूभर फरक नाही.

मागल्या साली मी फसलो.
धडाक्यात शेवटचा सूर आला, मग शांतता.
मी बटण दाबलं.
लख्ख उजेडात चौघं गज उचलून तशीच बसलेली,
आणि पुढची ओळ वाजवू लागली,
माझ्याकडे बघत.
सगळा हॉल हसला.
बायको आठवडाभर हसत होती,
भांडी घासताना सुद्धा.

मग कळलं, ही खोडी कागदावरच आहे.
दोन शतकांपूर्वी कुणा जहागीरदाराच्या चाकरानं
नोकरांच्या पंगतीतून उठून लिहिलेली,
शांतता सुद्धा मोजून.

मी आयुष्यभर जिने केले.
अठरा पायऱ्या, सगळ्या एका उंचीच्या,
म्हणजे पाय आपणहून मोजायला शिकतो,
आणि अंधारात
नसलेल्या एकोणिसाव्या पायरीवर
दाणकन आपटतो.
जिना वेडावाकडा असता
तर माणूस जपूनच उतरला असता.
हसायला काय उरलं असतं?

यंदा मी शहाणा.
सूर आला. शांतता. हात खिशात.
पुन्हा तीच ओळ, तुकड्यातुकड्यांनी,
मध्ये एवढाल्या खिंडी
की एक अख्खा खोकला मावावा.
तिसऱ्या रांगेत काद्लेत्स टाळी वाजवतात, एकच,
आणि ती दुसरीच्या आधी
हवेतच धरून ठेवतात.
मग अगदी हळू, सुरुवातीची ओळ,
जणू आत्ता कुठे बसलोय वाजवायला.

आणि पुढे काही नाही.

मी थांबलोय. ते थांबलेत.
ब्लाझेनाच्या गजाचा एक केस सुटून हलतोय.
कोट ठिबकतात.
मोजतो मी: सोळा, सतरा, अठरा...

ब्लाझेना भुवया उचलून माझ्याकडे बघते,
खुर्चीतल्या पेशंटला म्हणत असेल तशी:
झालं. मिटा आता तोंड.