खोडरबर

दर मार्चला, साठा मोजायच्या दिवसांत,
बोरस्ते सर माझ्या हातात खोडरबर देतात.
"पेन्सिलीचं सगळं पुसा. शाईचं राहू द्या, कागद फाटतो."
अशोकस्तंभाजवळ झेरॉक्सवाल्याच्या वर आमची लायब्ररी,
दीडशे अनामत, महिना साठ, मासिकं वेगळी.

कादंबरीत लोक फारसं लिहीत नाहीत.
इतिहासात भांडतात,
स्वयंपाकाच्या पुस्तकावर हळद सांडतात.
पण विनोदी पुस्तक घरी नेलं
की जो तो न्यायाधीश.

"पान बारा. हसू आलं."
त्याखाली दुसऱ्या हातानं, "कशाला?"
त्याखाली तिसऱ्या, "मला चौदाव्या पानावर आलं.
ज्याची त्याची पचनशक्ती."

दातीरकाका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले,
चौतीस वर्षं नोटांमधली चूक शोधली,
आता आमच्याकडे येऊन शोधतात.
"पान ४१. 'नवरा हसला'च्या जागी 'नवरा फसला' छापलंय.
दुरुस्त करू नये."

विसपुतेबाईंचं अक्षर मी उलटं धरूनही ओळखते.
"सुमार. नुसत्या शाब्दिक कोट्या. पुन्हा नेणार नाही."
कार्डावर त्यांचं नाव चारदा आहे:
जानेवारीत, मेमध्ये, गणपतीत,
आणि मिस्टरांच्या बायपासच्या आठवड्यात.
हे पुसताना रबर जरा जास्तच घासावा लागला.

वरच्या फळीवर त्या मालिकेचं पुस्तक.
गुरुवारी साडेआठला लागायची ती.
नाव सांगत नाही, तुम्ही शीर्षकगीत गुणगुणायला लागाल
आणि माझं काम राहील बाजूला.
गुळगुळीत कागद, काळेपांढरे फोटो,
तेरा भागांचा सारांश,
शेवटी मालिकेतल्या काकूंच्या थालीपिठाची कृती.

"काकू इतक्या तरुण होत्या?"
"नाही हो, आपणच लहान होतो."

"थालीपीठ केलं. तव्याला चिकटलं.
मालिकेतही चिकटायचं, म्हणजे कृती अस्सल."

"प्रत्येक कलाकार लिहितो, सेटवर आम्ही खूप हसलो.
कशावर? आम्हालाही सांगा की.
एकशे ऐंशी रुपये घेता."

मी पुसत गेले. रबराच्या काळ्या शेवया
टेबलावर, साडीवर, चहाच्या बशीत.
मग पान त्रेसष्ट. भाग अकरावा.
समासात, बारीक अक्षरात, सही नाही:

"त्या रात्री आमच्या सिडकोत लाइट गेली.
बाबा गच्चीवर अँटेना फिरवत होते.
अख्खी कॉलनी काळी झाली तरी वरून ओरडतायत,
आता दिसतंय का? आता?
खाली आल्यावर मेणबत्ती लावली
आणि राहिलेला भाग त्यांनीच सांगितला.
जावयाचा कुकर हरवतो,
बकरी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर येते,
काकू तिला पाहुणी समजून पाट मांडतात.
आई हसता हसता भिंतीला टेकली.
पुस्तकात लिहिलंय, अकराव्या भागात काकू रुसतात
आणि मग चहा करतात.
बकरी नाहीच.
पुस्तकात चूक आहे. कृपया सुधारावी."

मी सारांश पुन्हा वाचला. तीन ओळी.
काकू रुसतात, चहा करतात, खरंच.
मीही तो भाग पाहिला होता,
आमच्याकडे पंचवटीत लाइट होती,
आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

खाली झेरॉक्सचं मशीन घुरघुरत होतं.
सर विचारत होते, "झालं का?"
"होतंय," म्हटलं,
आणि पावतीपुस्तकाचं निळं पेन घेतलं.
अक्षरावर अक्षर, सावकाश,
त्याच्या वळणानं वळत, जिथे तो थांबला तिथे थांबत,
अख्खी बकरी शाईत गिरवली.

'तिसऱ्या'चा एक काना सुटला.
दातीरकाकांना सापडेलच.