गुरुवारची वही

सुवार्ता,
काल तू किल्ली ठेवून गेलीस माझ्या कट्ट्यावर,
वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी,
दार न वाजवता.
मला हसू आलं, रागावू नकोस.
हीच किल्ली मीही एकदा
दीनाबाई आवळ्यांच्या कट्ट्यावर टाकून
चोरासारखी पळाले होते.

चारच जणी आल्या, म्हणे.
त्यातली रेबेका डुलक्या काढत होती,
एक नळाला पाणी आलं म्हणून मध्येच उठली,
आणि रात्री दोनपर्यंत जागून काढलेलं टाचण
तू तसंच घडी घालून परत नेलंस.

अगं, रेबेकाची मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी असते.
दिवसा घरात सासरा, पोरं, दूधवाला, गॅसवाला.
अख्ख्या आठवड्यात
कुणी हाक मारून न उठवणारी
एवढी एकच खुर्ची आहे तिला.
झोपू दे.
पंखा तेवढा तिच्याकडे वळव.

मी तीन गुरुवार गेले नव्हते.
चौथ्याला दीनाबाई आल्या,
उपदेश नाही, वचन नाही,
बशीत ओतून चहा प्याल्या,
किल्ली माझ्या मुठीत कोंबली
आणि जाता जाता म्हणाल्या,
"पायरीवर कोण बसलंय बघ जरा."

हौसाबाई होती. हळदीच्या वखारीतली.
कोपरापर्यंत पिवळी,
पापण्यांवरसुद्धा पिवळी धूळ.
"तीन गुरुवार बसून जाती," म्हणाली.
"तुमी आत काय सांगता, निम्मं कळत न्हाई मला.
पर हितं कुणीतरी नाव घिऊन इचारतं.
वखारीत मी नुसती सात नंबर."

मी कुलूप काढलं.
त्या दिवशी आम्ही दोघीच.
टाचण नव्हतंच माझ्याकडे.
तिने मुलीच्या तापाचं सांगितलं,
मी माझ्या नवऱ्याच्या बाटलीचं,
जे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं.
मग डोळे मिटले.
आमेन आधी तीच म्हणाली.

हजेरीच्या वहीत तिला सही येईना.
शाईचा पॅड कुठला असायला!
तिने अंगठा तसाच टेकवला.
पुढच्या गुरुवारी वखारीतल्या आणखी दोघी आल्या,
आणखी दोन अंगठे.

मग महापुराचं साल.
आयर्विन पुलाची पट्टी कृष्णेनं गिळली,
देवळात पाणी खिडकीच्या वर,
बाकं एकमेकांवर चढलेली,
पेटीच्या भात्यात चिखल.
आठव्या दिवशी कपाट फोडून वही काढली
आणि एकेक पान सोडवत उन्हात धरलं.
माझी सही गेली होती.
पाळकीणबाईंची वळणदार सही गेली होती.
खजिनदार, चिटणीस, सगळी निळी शाई
एक डाग होऊन बसली होती.

अंगठे होते.
फिकट, पण होते.
रेघा मोजता येतील असे.

शास्त्रातल्या पत्रांच्या शेवटी बघ,
सलाम सांगायच्या माणसांची नावं असतात.
आपण ती घाईने वाचतो,
घरी भात लावायचा असतो.
त्यात बायका आहेत, सुवार्ता.
त्यांच्या सभेला किती जणी यायच्या
हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.
श्रम केले, एवढंच. आणि नाव.

तुझ्यासारखं बोलणं मला कधी जमलं नाही.
माझी प्रार्थना अजून
मध्येच स्वयंपाकघरात जाऊन येते.
तरी एकवीस वर्षं ती किल्ली
माझ्या पदराच्या गाठीला होती,
आणि त्यातली निदान दहा वर्षं
मला सोडून द्यावंसं वाटत होतं.
हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं.

असो.
शांतवनच्या हातून किल्ली परत पाठवतेय,
सोबत कुरडया, तळून खा.
पाय सुजलेत, तरी गुरुवारी मी येते.
बोलणार नाही, मागे बसेन.
तीन धर मला, नाहीतर पाच,
तुझा हिशोब तू बघ.

साडेतीनला दार उघड.
आणि त्याच्या आधी
पायरी झाडून ठेव,
कुणीतरी बसेल.